पंचविसावी विडी

बसा या बाकावर. बारा ते तीन आतलं घर आम्ही बंद ठेवतो, पण तुम्ही एवढ्या उन्हात आलात, तुम्हाला सोडीन मी. आधी पाणी प्या आणि माझं थोडं ऐकून घ्या. आत जाणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट सांगायची असते, आणि ती नुसती सांगितली तर लोक हसतात. म्हणून सगळंच सांगतो.

या दाराशी बसायची नोकरी मला लागली त्याला आता वर्ष होत आलं. त्याआधी मी इथे एकदाच आलो होतो, मागच्या वैशाखात. लढाईच्या काळात घरोघरी लोक कसे जगले ते दाखवणारं संग्रहालय गोंदियात स्टेशनाजवळच्या एका गोदामात निघालंय, एवढं कानावर आलं होतं. पण मला ते पाहायचं नव्हतं. मी माझ्या मायचं सूप परत न्यायला आलो होतो.

माझं नाव दुधराम. गाव अर्जुनी मोरगावापासून दोन कोसांवर. आमची माणसं पिढ्यानपिढ्या तलाव बांधणारी, पण माझा बाप लवकर गेला आणि जमीन काकांच्या हाती राहिली, तेव्हा मायनं मांडीवर सूप घेतलं आणि विड्या वळायला लागली. सुमित्राबाईची विडी म्हटलं की कारखान्याचा माणूस मोजून घेत नसे. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. तिचा कट्टा कधी चोवीसचा निघाला नाही की सव्वीसचा निघाला नाही. पानं मोजायची झाली, बांगड्या मोजायच्या झाल्या, लग्नात पत्रावळी मोजायच्या झाल्या, गाव तिलाच बोलवायचं.

आमची एक रीत होती. ती वळलेल्या विड्या मोजायची आणि मी कट्टा बांधायचो. एक, दोन, करत ती चोवीसपर्यंत यायची आणि थांबायची. पंचवीस मी म्हणायचं आणि दोरा आवळायचा. मी डावखुरा, त्यामुळे माझी गाठ उलटी बसायची. मी सहा वर्षांचा होतो तेव्हा हा खेळ सुरू झाला. मला मिशी फुटली तरी ती चोवीसला थांबायचीच. घाईत असलो, रागात असलो, कधी मुद्दाम गप्प बसलो, तर ती पुन्हा एकपासून मोजायची. मी म्हटल्याशिवाय कट्टा पुरा होत नसे.

एक्केचाळीस साली मी अर्जुनीला विड्या पोचवायला म्हणून निघालो आणि लष्कराच्या मजूर पलटणीत नाव घालून तसाच गाडीत बसलो. मायला सांगितलं असतं तर तिनं सोडलं नसतं. निघताना रोजच्यासारखं 'येतो माय' म्हणालो, तिनं रोजच्यासारखी मान हलवली. त्या दिवशीचा शेवटचा कट्टा मी बांधला नव्हता. ती तेविसावर होती आणि मला घाई होती.

पुढची चार वर्षं मी सांगत नाही. ब्रह्मदेशात पकडला गेलो, सयामच्या जंगलात रूळ टाकले, जगलो. सुटल्यावर सहा महिने दवाखान्यात होतो. शेहेचाळीसच्या फाल्गुनात मी आमच्या तलावाच्या पाळीवरून, बांधावरून, गावात उतरलो तेव्हा शामकला काकी घागर घेऊन येत होती. तिनं मला पाहिलं आणि घागर सोडून दिली. मला वाटलं आनंदानं सुटली.

घराच्या दारात उदाराम काका उभे राहिले, दोन्ही हात चौकटीला लावून. माझे काका दुष्ट नाहीत, हे आधीच सांगतो. त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. पण हात त्यांनी काढले नाहीत.

"तू आला हे खरं गा," ते म्हणाले. "पन तुले आत कसा घेऊ? तुजी तेरवी झाली."

झालं होतं असं. मी बेपत्ता, बहुधा मेलो, असं सरकारी पत्र आलं. दोन वर्षं काका थांबले. मग त्यांच्या लेकीचं लग्न ठरेना, घरात माणूस ना जिवंत ना मेला, अशा घरी सोयरीक कोण करणार? प्रेत नसलं तर पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात. तीनशे साठ पानं लागतात. पानं मोजायची कोणी, तर गावात त्या कामाला एकच माणूस. मायनं हूं की चूं केलं नाही म्हणे. रानात गेली, पानं आणली, मोजली, जुड्या बांधून काकांच्या पुढ्यात ठेवल्या. तलावाच्या पाळीवर माझा पुतळा जाळला. तेरवीला साखर मिळाली नाही, रेशन होतं, म्हणून गुळाची बुंदी केली. चांगली झाली होती असं ऐकतो.

त्यानंतर दीड पावसाळा माय जगली. लढाई संपली त्याच श्रावणात तापानं गेली.

मेलेला माणूस परत आला तर त्यालाही आमच्याकडे रस्ता आहे. त्यानं पुन्हा जन्माला यायचं. त्याला तान्ह्या मुलासारखं न्हाऊ घालायचं, आईनं मांडीवर घ्यायचं आणि कानात नाव सांगून हाक मारायची. पण आई हवी. काकीला विचारलं, ती घाबरली. तिची लेक बाळंतपणाला आली होती, पोटुशी घरात असताना माझ्यासारख्याला मांडीवर घ्यायचं तिचं मन होईना. तिलाही मी दोष देत नाही.

मग मी गोठ्यात राहिलो. काकी पत्रावळीवर जेवण ठेवायची आणि लांब जाऊन उभी राहायची, कावळ्याला ठेवतात तसं. उपाशी कोणी ठेवलं नाही. पण मला नावानं कोणी हाक मारीना. काका 'अरे' म्हणायचे. काकी 'थे' म्हणायची, म्हणजे नुसतं 'ते'. मेलेल्याचं नाव घेतलं की तो मागे लागतो ना, म्हणून. सयामात मला नंबरानं हाक मारायचे ते मी सोसलं, कारण घरी कोणीतरी माझं नाव घेत असेल असं वाटायचं. आता घरी आलो होतो. दोन महिन्यांत मला स्वतःलाच शंका यायला लागली. रात्री छातीवर हात ठेवून ठोका लागतो का ते बघायचो.

मायचं काय उरलं, विचारलं तेव्हा काकी लांबूनच म्हणाली, लुगडी वाटली, सूप तेवढं संग्रहालयवाले केशोराव मास्तर गोंदियाला घेऊन गेले. मी ठरवलं, सूप आणायचं आणि कुठेतरी निघून जायचं. मेलेल्याला तरी काहीतरी आपलं हवं.

तेव्हा या दाराशी चुन्नीलाल होता. रायपूरकडचा म्हातारा, फटकळ, पण मनाचा चांगला. त्यानं हीच वही पुढे केली, नाव-गाव लिहायला. मी गाव लिहिलं आणि नावापाशी हात थांबला.

"नाम लिखो भैया," तो म्हणाला, "मरे हुए थोड़े ही हो."

मी नाव नाही लिहिलं. त्यानं वही मिटली आणि मला आत सोडलं.

बाहेरच्या दालनात आहे ते तुम्ही पाहिलंतच. रॉकेलचा डबा, तळाशी बोटभर डाग. दोन जुन्या लुगड्यांचं शिवून केलेलं एक, जे सासू-सुना आळीपाळीनं नेसून बाहेर पडत. काळ्या शाईनं अर्ध्या ओळी पुसलेली पत्रं. मी तिकडे लढत होतो, म्हणजे रूळ टाकत होतो, आणि वाटायचं इथे सगळं जागच्या जागी असेल. इथेही लोकांनी लढाईच काढली होती. हे मला त्या डब्यासमोर उभं राहून कळलं आणि मी फार ओशाळलो.

केशोराव मास्तरांनी मला आतलं घर दाखवलं. हे त्यांचं लाडकं काम. गोदामाच्या आत त्यांनी मातीच्या भिंतींचं खरंखुरं घर उभं केलंय, बारा घरांतल्या वस्तू गोळा करून. लढाईत स्टेशनाजवळच्या घरांना लावायचे तसे खिडक्यांना काळे कागद. भर दुपारी आत काळोख, एका कंदिलाची काच अर्धी रंगवलेली. कोपऱ्यात सूप. सुपात तेंदूची कापलेली पानं, कात्री, तंबाखूची वाटी, दोऱ्याचं रीळ. वर मास्तरांच्या मोत्यासारख्या अक्षरात पाटी: 'पुत्रवियोगात विड्या वळणारी माता. पुत्र ब्रह्मदेशात कामी आला.'

मी मास्तरांना म्हणालो, पुत्र मीच. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग हळूच म्हणाले की सूप आता संग्रहालयाच्या मंडळाचं आहे, विचारून सांगतो, आणि जेवायला घरी गेले. पाटी मात्र जाताना त्यांनी उलटी करून ठेवली.

चुन्नीलाल दार अर्धं लावून इथेच आडवा झाला. झोपण्याआधी त्यानं खिशातून विडी काढली आणि मलाही दिली. म्हणाला, मास्तर सुपात विड्या वळून ठेवतात, रोज पंचवीसेक वाढतात, मी ओढतो, माल कडक आहे. मी विडी पाहिली. तोंड दुमडायची ती पद्धत, नखानं दिलेली ती छोटी चूण मी ओळखत होतो. मास्तरांना विडी वळता येत नव्हती. त्यांच्या बोटांकडे मी मघाच पाहिलं होतं, खडूची बोटं. मास्तरांना वाटत होतं की चुन्नीलालची बायको वळून देते. चुन्नीलालची बायको मरून दहा वर्षं झाली होती.

विडी मी पेटवली नाही. उठलो आणि आतल्या घराच्या दाराशी गेलो. उंबऱ्याच्या आत पाय टाकायचं धाडस झालं नाही. दोन महिन्यांची सवय. उंबऱ्याबाहेरच बसलो.

बाहेर ऊन तापलं होतं, गाड्या थांबलेल्या होत्या, इंजिनाचासुद्धा आवाज नव्हता. आत कंदील भुरभुरत होता. थोड्या वेळानं वास आला. आधी ओल्या पानांचा, मग तंबाखूचा, आणि मग त्याच्या मागून मोहाच्या टोळीच्या, म्हणजे बियांच्या, तेलाचा. माय ते तेल केसांना लावायची. संग्रहालयात कोणी केसांना तेल लावून बसत नाही.

मग कात्रीचा आवाज आला. कच... कच... सावकाश. उंदीर असा नेमानं कुरतडत नाही. कात्री थांबली, पानं सळसळली, आणि कोणीतरी दम न घेता पुटपुटावं तसं ऐकू आलं.

"एक... दोन... तीन..."

सयामात इतकं मरण पाहिलं, पण असा मी कधी भ्यालो नव्हतो. आवाज चढला नाही, उतरला नाही. तेवीस झाले. चोवीस झाले.

आणि थांबला.

किती वेळ थांबला ते सांगता येत नाही. कंदिलाची वात तेवढी हलत होती. मग एक लांब श्वास, आणि पुन्हा, "एक... दोन..."

दुसऱ्यांदाही चोवीसला थांबला. तिसऱ्यांदा मोजणं सुरू झालं तेव्हा मला एकदम रडू फुटलं. भीतीनं नाही. मला दिसलं, ती मी गेलो त्या दिवसापासून अशी बसली असेल. चार वर्षं रॉकेल नाही, साखर नाही, लुगडं नाही, आणि चोवीसनंतर घरात आवाज नाही. मला माझी लाज वाटली. तिनं 'चोवीस' म्हटलं आणि मी डोळे मिटून म्हणालो, "पंचवीस."

कात्री सुपात ठेवल्याचा आवाज आला.

"आला का गा, दुधू?"

"आलो, माय."

"मंग बाहेर काऊन बसून राहिला?"

लहान मुलासारखं मी सगळं सांगितलं. काका आत घेत नाहीत, कोणी नाव घेत नाही, माझा पुतळा जाळला, तीनशे साठ पानांचा.

"साठ कोन म्हन्ते?" तिच्या आवाजात जरासं हसू होतं. "मी मोजली होती ना. तीनशे एकोनसाठ. एक मी ठेवून घेतलं... अपुऱ्या पुतळ्यानं कोनी मरते का?"

उभ्या जन्मात तिनं केलेली ती एकच चुकीची मोजणी. गावातलं दुसरं कोणी असतं तर काकांनी पानं पुन्हा मोजली असती. सुमित्राबाईची कोण मोजणार?

मी उंबरा ओलांडला. काळोखात मला दिसलं फार थोडं. सुपाची कड, त्यामागे बसलेल्या बाईची वाकलेली मान. मी खाली वाकून डोकं ठेवलं. मांडी होती. हाडकुळी, गार, पण मांडीच होती. पानं भिजवायच्या पाण्यातली ओली बोटं माझ्या कपाळावरून फिरली. मग माझ्या कानाशी वास आला तेलाचा, आणि तिनं माझं नाव सांगितलं. पूर्ण नाव, बापासकट, बारशाला सांगतात तसं. त्या वेळी मेलो असतो तरी मला चाललं असतं. ते तिला कळलं असावं.

"इथंच नको राहू," ती म्हणाली. "पान आपल्या घरच्या दाराच्या वरच्या बांबूत हाये. थे हिरवं हाये तवर तू तिकडचा... वाळलं का मंग ये. तवर नको येऊ, दुधू."

चुन्नीलालनं मला हलवून उठवलं तेव्हा चार वाजत होते. मी जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन निजलो होतो, डोकं सुपाला टेकलेलं. कपाळ ओलं होतं. सुपात एक बांधलेला कट्टा होता आणि त्याची गाठ उलटी होती. झोपेत मीच बांधला असेल म्हणा. मी तसंही म्हणून पाहिलं.

सूप न मागताच मी गावी गेलो. दाराबाहेर उभा राहून काकांना म्हणालो, चौकटीवरचा बांबू उतरवा. ते आधी रागावले, मग शिडी आणली. बांबूचं तोंड शेणमातीनं लिंपलेलं होतं आणि त्यावर बोटांचे ठसे वाळून पांढरे पडले होते. बारीक, विडी वळणाऱ्या बाईची बोटं. काकांनी ते लिंपण फोडलं. आत विडीचा दोरा गुंडाळलेलं पळसाचं एक पान होतं. दोन वर्षांचं. हिरवंगार, आताच तोडल्यासारखं मऊ. देठाला ओल होती.

काकांनी ते हातावर घेतलं आणि ते जमिनीवर बसले. त्यांना हिशेब कळला होता. काकी दाराआडून पाहत होती. तिनं पदरानं डोळे पुसले, दारातून बाजूला झाली, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा माझं नाव घेतलं.

"दुधराम, आत ये गा. ऊन लागून राहिलं."

तर असा मी घरात आलो. काकीच्या नातवाला आता मीच खेळवतो सुट्टीच्या दिवशी. पुढे चुन्नीलालनं नोकरी सोडली. आतल्या कचकचीला मास्तर उंदीर म्हणायचे, त्यांना 'चूहे नहीं हैं वो' एवढंच सांगून गेला, आणि मास्तरांनी मला बोलावलं. सूप इथेच राहू दे म्हटलं मी. रोज दुपारी ती मोजते. चोवीसला थांबते. मी इथे बाकावर बसून ओठ मिटून घेतो. फार जड जातं, खोटं कशाला बोलू? पण तिनंच सांगितलंय. मग ती पुन्हा एकपासून सुरू करते. रागावत नाही.

हे पान. खिशातच ठेवतो, बघा, हात लावू नका फक्त. हिरवं आहे ना? पण ही कड पाहा. होळीच्या सुमारास नागपूरच्या एक बाई आत गेल्या होत्या. हौशी, हसऱ्या. मोजणं ऐकून त्यांना वाटलं, मास्तरांनी काही यंत्र ठेवलंय. चोवीस झाले, आवाज थांबला, आणि त्यांनी गंमत म्हणून पुढचा आकडा म्हणून टाकला. बाहेर आल्या आणि मला विचारलं, दुधू कोण? संध्याकाळी पान काढलं तर ही कड पिवळी पडली होती. बोटभर.

तुमचं पाणी झालं? जा आता. वाकून जा, दार ठेंगणं आहे. ती कोणाला काही करत नाही, भिऊ नका. चोवीसनंतर थांबेल, आणि ते थांबणं असं लांबत जाईल की तुम्हाला वाटेल, बिचारी वाट पाहतेय, आपण म्हणावं. तुम्ही म्हणू नका. ते मी म्हणायचं आहे. म्हणेन मी, पान वाळलं की.